अनुभवाचा रकाना कोरा: मार्टिन सेंट लुई आणि माँट्रियल

९ फेब्रुवारी २०२२ ला कॅनडातल्या माँट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी क्लबने आपला प्रशिक्षक डॉमिनिक ड्यूशार्म याला नारळ दिला. एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च आइस हॉकी लीग) त्या मोसमात तोवर ४५ सामने झाले होते. त्यांत ८ विजय, ३० पराभव आणि ७ सामने जादा वेळेत गमावलेले. सात महिन्यांपूर्वी हाच संघ, याच प्रशिक्षकाच्या हाताखाली स्टॅन्ले कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, अंतिम फेरी खेळला होता. तिथून थेट तळाला.

त्याच दिवशी त्याच्या जागी मार्टिन सेंट लुईचं नाव जाहीर झालं आणि आइस हॉकी पाहणाऱ्यांनी भुवया उंचावल्या. खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. १,१३४ सामने, १,०३३ गुण (आइस हॉकीत गोलला एक आणि गोलसाठी दिलेल्या पासलाही एक गुण मिळतो), स्टॅन्ले कप, ऑलिंपिक सुवर्ण, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम. पण प्रशिक्षक म्हणून? खालच्या व्यावसायिक लीगमध्ये नाही, कॉलेजात नाही, ज्युनियर हॉकीतही नाही. २०१९ मध्ये कोलंबस ब्लू जॅकेट्सला पॉवर प्लेसारख्या (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाहेर असतानाचा खेळ) बाबतीत सल्ला देण्याचं काम त्याने काही काळ केलं होतं. ते सोडलं तर निवृत्तीनंतरची वर्षं गेली ती कनेक्टिकटमध्ये स्वतःच्या मुलांच्या वयोगटातल्या संघांना शिकवण्यात. शाळकरी मुलांना शिकवणारा बाप जगातल्या सगळ्यात जुन्या व्यावसायिक आइस हॉकी क्लबचा, तापट चाहत्यांच्या क्लबचा प्रशिक्षक झाला, असं टीकाकार म्हणाले. वस्तुस्थिती म्हणून त्यात खोटं काही नव्हतं.

ही नेमणूक शुद्ध जुगार होती, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि अजूनही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. का, ते कळायला आधी त्याची खेळाडू म्हणून वाटचाल पाहावी लागते, आणि त्यातही शेवटची वैभवाची वर्षं नव्हे, सुरुवातीची.

नको असलेला फॉरवर्ड

सेंट लुईचा जन्म १८ जून १९७५ चा, माँट्रियलला लागूनच असलेल्या लाव्हालचा. उंची पाच फूट आठ इंच. मैदानी हॉकीत ही उंची कुणाच्या लक्षातही येणार नाही. बर्फावर मात्र अंगावर अंग आदळणं नियमात बसतं, आणि त्या काळात निवड करणाऱ्यांची पहिली नजर उंचीच्या पट्टीवर जायची. व्हरमाँट विद्यापीठात चार वर्षांत त्याने २६७ गुण केले. एनएचएलच्या कुठल्याही क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तिथे) घेतलं नाही.

१९९८ मध्ये कॅल्गरी फ्लेम्सने करार दिला. १९९९-२००० च्या मोसमात ५६ सामने खेळायला मिळाले. त्यात ३ गोल, १५ पास. चौथ्या, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या फळीतल्या खेळाडूकडून असते तेवढीच अपेक्षा त्याच्याकडून होती. बर्फावर जा, काही बिघडू देऊ नकोस, परत ये. २००० च्या उन्हाळ्यात दोन नवे क्लब लीगमध्ये येणार होते आणि त्यांच्यासाठी जुन्या क्लबांना काही खेळाडू मोकळे ठेवावे लागत होते. कॅल्गरीने त्याला मोकळं ठेवलं, तरी दोघांपैकी कुणी उचललं नाही. मग कॅल्गरीने पैसे देऊन करारच संपवला. वय पंचवीस.

टॅम्पा बे लाइटनिंग तेव्हा लीगमधला रडतखडत चालणारा क्लब. त्यांच्याकडे जागा होती म्हणून सेंट लुई तिथे गेला. २००२-०३ मध्ये त्याने ३३ गोल केले. पुढच्या वर्षी ९४ गुण करून लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस चषक घेतला, सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट चषक घेतला आणि संघ अंतिम फेरीत पोचला. समोर कोण? कॅल्गरी फ्लेम्स.

ती मालिका कॅल्गरी ३-२ ने पुढे होती आणि सहावा सामना त्यांच्या घरी होता. जिंकले की कप त्यांचा. तिसऱ्या सत्रात पक (खेळाची रबरी चकती) कॅल्गरीच्या मार्टिन जेलिनाच्या स्केटला लागून गोलरेषेपाशी गेला. तो रेषेपलीकडे गेला होता की नव्हता, यावर कॅल्गरीत आजही लोक तावातावाने भांडतात. गोल दिला गेला नाही. सामना जादा वेळेत गेला, मग दुसऱ्या जादा वेळेत. ती सुरू होऊन ३३ सेकंद झाले असतील. टॅम्पाच्या टिम टेलरचा फटका कॅल्गरीचा गोलरक्षक किप्रुसॉफला लागून उसळला आणि बाजूने आत शिरलेल्या सेंट लुईने तो परत जाळ्यात मारला. टॅम्पाने दोन दिवसांनी सातवा सामनाही जिंकला. ज्या क्लबने पैसे मोजून ज्याला घरी पाठवलं, त्यानेच त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला.

त्या गोलमध्ये ताकद नाही, उंची नाही, फार वेगही नाही. पक कुठे पडेल याचा अंदाज आहे आणि तिथे कुणाच्याही आधी, पण धक्का बसणार नाही अशा बेताने पोचणं आहे. धिप्पाड फॉरवर्ड गोलरक्षकाच्या तोंडावर जाऊन उभा राहतो, मार खातो आणि आपली जागा धरून ठेवतो. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला ते परवडत नाही. त्याला मोकळी जागा आधी ओळखावी लागते, तिच्यात उशिरा शिरावं लागतं आणि बचावपटूची मान दुसरीकडे वळलेली असताना शिरावं लागतं. हे अंगभूत असतं असं आपण सहज म्हणून जातो. सेंट लुईने ते वर्षानुवर्षं विचार करून बसवलं होतं, असं त्याची कारकीर्द सांगते. कारण सगळं जर अंगभूत असतं तर ते पंचविसाव्या वर्षापर्यंत कुठे लपून बसलं होतं? २०१२-१३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने पुन्हा आर्ट रॉस जिंकला. इतक्या वयात तो कुणीच जिंकलेला नव्हता. पाय मंदावल्यावर डोक्यावर चालणारा खेळ तोवर पुरता तयार झाला होता.

पुढचं थोडक्यात. मार्च २०१४ मध्ये त्याने मागून घेतलेल्या ट्रेडने (क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीने) तो न्यू यॉर्क रेंजर्सला गेला. मे महिन्यात, प्लेऑफ चालू असताना, त्याची आई अचानक वारली. दुसऱ्या दिवशी तो पिट्सबर्गविरुद्ध खेळला. १-३ ने मागे पडलेल्या रेंजर्सनी ती मालिका जिंकली आणि त्या वर्षी अंतिम फेरी गाठली. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला.

क्लबची अडचण

आता दुसरी बाजू. कॅनेडियन्सकडे २४ स्टॅन्ले कप आहेत, पण शेवटचा १९९३ चा. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्यवस्थापक मार्क बर्जव्हँला काढून क्लबने जेफ गॉर्टनला वरच्या पदावर आणलं. जानेवारीत केंट ह्यूज व्यवस्थापक झाला. ह्यूज त्याआधी खेळाडूंचा एजंट होता. म्हणजे तोही त्या खुर्चीत नवखाच. गॉर्टन रेंजर्समध्ये असताना सेंट लुई तिथे खेळला होता, आणि ह्यूजशी त्याची जुनी ओळख होती. तेव्हा वशिल्याची कुजबुज झाली आणि ती अगदीच निराधार होती असं म्हणता येत नाही.

शिवाय भाषेचा मुद्दा. माँट्रियलच्या प्रशिक्षकाला फ्रेंच यावंच लागतं. लेखी नियम नाही, पण डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न येणाऱ्या रँडी कनीवर्थला हंगामी प्रशिक्षक केलं तेव्हा क्वेबेकमध्ये इतका गदारोळ झाला की क्लबला सारवासारव करावी लागली. फ्रेंच बोलणारे, एनएचएलच्या दर्जाचे, हाती मोकळे असलेले आणि भर मोसमात बुडत्या संघात उडी घ्यायला तयार असलेले किती जण असतील? यादी आखूडच होती. लाव्हालचा सेंट लुई त्या यादीत बसत होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोसम आधीच हातचा गेला होता. ८ विजय असलेल्या संघाला आणखी खाली जायला जागा नव्हती. उलट तळाला राहिलं तर ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो. नेमणूकही सुरुवातीला हंगामीच होती. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर उन्हाळ्यात दुसरा शोधू. जुगारात गमावण्यासारखं काही असावं लागतं. माँट्रियलने त्या दिवशी जवळपास काहीच डावावर लावलं नव्हतं. डाव लावला तो सेंट लुईने. हॉल ऑफ फेममधलं नाव घेऊन तो शेवटच्या क्रमांकाच्या संघामागे उभा राहिला.

एक गोल, मग बावीस

या प्रकरणात बोट ठेवून दाखवता येईल असा एकच पुरावा हवा असेल तर तो कोल कॉफिल्डचा.

कॉफिल्ड विंगर, वय तेव्हा २१, उंची जवळपास सेंट लुईएवढीच. फटका असा की कॉलेजातच नाव झालेलं. ड्यूशार्मच्या हाताखाली त्या मोसमात तो ३० सामने खेळला आणि त्याने एक गोल केला. एक! नोव्हेंबरमध्ये त्याला खालच्या लीगमधल्या लाव्हाल रॉकेट संघातही पाठवून झालं. सेंट लुई आल्यावर उरलेल्या ३७ सामन्यांत त्याने २२ गोल केले.

इतका फरक दहा दिवसांत शिकवलेल्या कुठल्या युक्तीने पडत नाही. कॉफिल्डचं मनगट फेब्रुवारीत बदललं नव्हतं. बदलल्या त्या दोन गोष्टी. त्याला संघातला सेंटर निक सुझुकी याच्या शेजारी पहिल्या फळीत आणि पॉवर प्लेवर भरपूर वेळ मिळू लागला. आणि चूक झाली की पुढची शिफ्ट जाणार, ही धास्ती गेली. आइस हॉकीत एक शिफ्ट साधारण पाऊण मिनिटाची असते. तेवढ्या वेळात धापा टाकेपर्यंत खेळायचं आणि बाकावर परतायचं. चुकलेल्याला पुढच्या खेपेला बाकावरच बसवून ठेवणं ही प्रशिक्षकाच्या हातातली छडी. ती फार वापरली की गोल करणारा खेळाडू गोल सोडून चूक टाळायला लागतो. कॅल्गरीतल्या त्या ५६ सामन्यांत सेंट लुई स्वतः नेमका तसाच खेळत होता, असं मला वाटतं. त्यामुळे कॉफिल्डचं घोडं कुठे पेंड खातंय हे ओळखायला त्याला व्हिडिओ बघत बसावं लागलं नसणार.

पहिला विजय मिळायला आठवडा गेला. १७ फेब्रुवारीला, तोही त्याच्या आडनावाशी जुळणाऱ्या सेंट लुई ब्लूज या क्लबविरुद्ध, जादा वेळेत कॉफिल्डच्याच गोलने. त्याआधी संघ सलग दहा सामने हरला होता. मोसमाअखेरचा सेंट लुईचा हिशेब १४ विजय, १९ पराभव, ४ जादा वेळेतले पराभव. चांगला म्हणावा असा नाही, पण ८-३०-७ च्या शेजारी ठेवला तर वेगळाच संघ वाटतो. संघ लीगमध्ये शेवटचाच राहिला, ड्राफ्टचा पहिला क्रमांक पदरात पडला आणि १ जून २०२२ ला ‘हंगामी’ हा शब्द निघून गेला.

हरण्याची मुभा

त्यानंतरची दोन वर्षं अशी: २०२२-२३ मध्ये ६८ गुण, २०२३-२४ मध्ये ७६. (इथे गुण म्हणजे संघाचे: विजयाला दोन, जादा वेळेतल्या पराभवाला एक.) दोन्ही वेळा प्लेऑफ लांबच. माँट्रियलसारख्या गावात याआधी एखादा प्रशिक्षक एवढ्यावर टिकला नसता. तो टिकला, कारण वरच्यांनी चाहत्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही संघ नव्याने बांधतोय. प्रशिक्षकाचं मूल्यमापन विजयांवर होणार नव्हतं, पोरं किती वाढतात यावर होणार होतं. अशी मुभा फार थोड्यांना मिळते, आणि सेंट लुईच्या यशाची गोष्ट सांगताना ती नेमकी वगळली जाते.

पोरं वाढली का? युराय स्लाफकोव्स्की हा तो पहिला क्रमांक. स्लोव्हाकियाचा, सहा फूट तीन इंच, अठरा वर्षांचा. बहुतेकांनी शेन राइट नावाचा कॅनेडियन सेंटर पहिला जाणार असं धरलं होतं, तोही माँट्रियलमध्येच भरलेल्या ड्राफ्टमध्ये. स्लाफकोव्स्कीचा पहिला मोसम ३९ सामने, ४ गोल, ६ पास, आणि जानेवारीत गुडघा गेला. दुसऱ्या मोसमातही सुरुवात थंडच. त्याला खाली लाव्हालला पाठवा, आत्मविश्वास येऊ द्या, असा सल्ला चोहीकडून येत होता आणि तो वेडगळ नव्हता. क्लबने त्याला वरच ठेवलं. पुढे सुझुकी आणि कॉफिल्डच्या फळीत तो स्थिरावला. ८२ सामने संपले तेव्हा २० गोल, ५० गुण. जुलै २०२४ मध्ये आठ वर्षांचा करार झाला.

लेन हट्सन तर याहून बोलका. बचावपटू, पण अंगकाठी फॉरवर्डलाही अपुरी वाटावी अशी. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ वा. २०२४-२५ या पहिल्या पूर्ण मोसमात त्याने ६६ गुण केले आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक नेला. प्रतिस्पर्ध्याच्या भागाची सीमा असलेल्या निळ्या रेषेवर उभा राहून तो खांदे एकीकडे झुकवतो, समोरचा त्या दिशेला घसरला की दुसरीकडून निघून जातो. फसलं तर मागे फक्त गोलरक्षक. बचावपटूने असले धंदे करायचे नसतात, असं मानणारे प्रशिक्षक लीगमध्ये भरपूर आहेत.

कच्चा दुवा

स्तुती इतकी झाली तर दुसरं पानही उघडायला हवं. गोल करायला शिकवणं आणि गोल अडवायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यातल्या दुसऱ्यात सेंट लुईचा संघ अडखळत राहिला. सुरुवातीची वर्षं त्याने स्वतःच्या भागात माणसामागे माणूस अशी पद्धत ठेवली. प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी धरायचा आणि तो जाईल तिकडे जायचं. पायात ताकद आणि नजरेत शिस्त असेल तर ही पद्धत प्रतिस्पर्ध्याचा श्वास कोंडते. पोरसवदा संघात मात्र एकाची नजर पकवर गेली की त्याचा माणूस गोलसमोर मोकळा. माँट्रियलच्या जाळ्यात पडलेले कितीतरी गोल असेच. २०२४ च्या शरद ऋतूत त्याने जागा धरून बचाव करण्याकडे झुकणारी मिश्र पद्धत आणली. नोव्हेंबरमध्ये संघ पूर्व विभागाच्या तळाशी होता. अनुभवाचा कोरा रकाना तेव्हा पुन्हा सगळ्यांना आठवला.

या बाबतीत रॉड ब्रिंडामोरशी तुलना टाळता येत नाही. तोही फॉरवर्ड. कॅरोलायना हरिकेन्सचा कप्तान म्हणून त्याने २००६ मध्ये स्टॅन्ले कप उचलला. बचाव करणाऱ्या सर्वोत्तम फॉरवर्डचा सेल्की चषक दोनदा घेतला. पण निवृत्तीनंतर त्याच क्लबात सात मोसम सहायक म्हणून काढून मग २०१८ मध्ये तो मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या संघाचा बचाव पहिल्यापासून चिरेबंदी. माँट्रियलचा स्वतःचा टो ब्लेक आणखी जुना. क्लबचा दिग्गज मोरिस रिशार याच्या फळीतला हा विंगर घोटा मोडून १९४८ मध्ये थांबला, खालच्या लीगमध्ये सात-आठ वर्षं प्रशिक्षक म्हणून घासला गेला आणि मग १९५६ ते १९६८ या काळात कॅनेडियन्सला आठ कप देऊन गेला. दुसऱ्या टोकाला वेन ग्रेट्झ्की. खेळाचा सम्राट, कुठेही उमेदवारी न करता २००५ मध्ये थेट फीनिक्स क्लबच्या बाकामागे, मुख्य प्रशिक्षक म्हणून. चार मोसमांत १४३ विजय, १६१ पराभव, २४ जादा वेळेतले पराभव आणि प्लेऑफ एकदाही नाही.

सेंट लुईने ग्रेट्झ्कीची वाट धरली आणि तरी त्याचं तसं झालं नाही. ग्रेट्झ्कीला संघ कमकुवत मिळाला हे खरं, पण तळाचा संघ तर सेंट लुईलाही मिळाला. फरक माझ्या मते दोन. एक ती मुभा. दुसरा असा की ग्रेट्झ्की दहा वर्षांचा असल्यापासून असामान्य होता. सेंट लुई पंचविसाव्या वर्षी बेकार होता. चौथ्या फळीतून पहिल्या फळीत जायचा रस्ता त्याने पायी तुडवला होता, म्हणून तो दुसऱ्याला वळणं सांगू शकत होता.

२०२५ चा वसंत

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी लीग थांबली तेव्हा माँट्रियलचे आकडे होते २५-२६-५. सुट्टीनंतर १५-५-६. शेवटच्या सामन्यापर्यंत प्लेऑफचं नक्की नव्हतं. तो झाला १६ एप्रिलला, घरच्या बर्फावर, ब्रिंडामोरच्या कॅरोलायनाविरुद्ध. कॅरोलायनाची जागा आधीच पक्की होती आणि त्यांनी प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती, हे सांगायला हवं. माँट्रियल ४-२ ने जिंकलं. ९१ गुण, पूर्व विभागातली शेवटची जागा. पहिल्या फेरीत वॉशिंग्टनने त्यांना पाच सामन्यांत घरी पाठवलं.

सुझुकीचे ८९ गुण झाले, कॉफिल्डचे ३७ गोल. सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या जॅक अॅडम्स चषकासाठी अंतिम तिघांत सेंट लुई होता. चषक वॉशिंग्टनच्या स्पेन्सर कार्बरीने नेला. कार्बरी एनएचएलमध्ये एकही सामना न खेळलेला आणि अगदी खालच्या लीगपासून पायरी पायरीने वर आलेला प्रशिक्षक. त्याच मोसमात माँट्रियलने केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल जास्त होते. प्लेऑफ गाठणाऱ्या संघाला हे शोभत नाही, आणि व्यवस्थापनालाही ते दिसलं असावं. २७ जूनला ह्यूजने न्यू यॉर्क आयलँडर्सकडून नोआ डॉब्सन हा बचावपटू घेतला. बदल्यात त्याच ड्राफ्टमधले १६ वा आणि १७ वा हे दोन्ही क्रमांक आणि एमिल हाइनमन दिला, आणि डॉब्सनला आठ वर्षांचा करार. साडेतीन वर्षं हा क्लब उद्याच्या पोरांसाठी ड्राफ्टचे क्रमांक साठवत होता. आता ते मोडून तो आजचे सामने जिंकायला माणूस आणत होता. सेंट लुईला मिळालेली मुभा त्या दिवशी संपली.